परसातील कोंबड्यांच्या आवारावर छप्पर : बर्ड फ्लूने बदललेले गणित

जानेवारी २०२५ मध्ये रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्यात चिरनेर गावातील कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लूचे निदान झाले. त्याच महिन्यात लातूर जिल्ह्यातील उदगीर शहरात मेलेल्या कावळ्यांमध्ये हाच विषाणू आढळला. त्याआधी डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रातील तीन वाघ आणि एक बिबट्या याच आजाराने दगावले होते. कोकण, मराठवाडा आणि विदर्भ या तिन्ही भागांत काही आठवड्यांच्या अंतराने घडलेल्या या घटना आहेत.

अशा प्रत्येक वेळी पशुसंवर्धन विभागाकडून एक सूचना हमखास येते, ‘कोंबड्यांचा वन्य पक्ष्यांशी संपर्क येऊ देऊ नका, पक्षी बंदिस्त ठेवा.’ सूचना योग्यच आहे. पण परसात पंचवीस, पन्नास किंवा शंभर गावरान कोंबड्या पाळणाऱ्या कुटुंबापुढे प्रश्न उभा राहतो, की बंदिस्त ठेवायच्या कुठे? रात्रीचे खुराडे असते. दिवसा कोंबड्या उकिरड्यावर, गोठ्याजवळ, बांधावर फिरतात. काहींनी जाळीचे कुंपण केलेले असते, पण वर आकाश उघडे असते. ही उघडी बाजूच आता सर्वांत धोक्याची ठरत आहे.

आवारावरचे छप्पर हा विषय आतापर्यंत घार आणि मुंगसापुरता मर्यादित होता. बर्ड फ्लूमुळे त्याचा संबंध थेट कुटुंबाच्या उत्पन्नाशी आणि गावातील इतरांच्या कोंबड्यांशीही आला आहे. म्हणून छप्पर का हवे, कसे हवे आणि शासकीय योजनांत त्याची जागा कुठे आहे, या तिन्ही गोष्टी एकत्र पाहायला हव्यात.

परसातील कोंबडी किती मोठा विषय आहे?

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात सुमारे ८५ कोटी १८ लाख कुक्कुट पक्षी होते. त्यापैकी सुमारे ३१ कोटी ७० लाख पक्षी परसातील होते. आधीच्या गणनेच्या तुलनेत परसातील पक्ष्यांची संख्या सुमारे ४६ टक्क्यांनी वाढली, तर व्यावसायिक फार्ममधील पक्ष्यांची वाढ पाच टक्क्यांच्या आतच राहिली. म्हणजे ज्या गटाकडे सुरक्षित निवारा सर्वांत कमी आहे, तोच गट सर्वांत वेगाने वाढला.

महाराष्ट्रात या वाढीमागे गिरिराज, वनराज, ग्रामप्रिया, कडकनाथ अशा पक्ष्यांचे वाटप, महिला बचत गट आणि गावरान अंड्यांना मिळणारा चांगला भाव ही कारणे आहेत. बहुतेक घरांत या कोंबड्या बाईच्या हातात असतात. अंडी विकून येणारा पैसा शाळेची फी, औषधे आणि किराणा यांवर खर्च होतो. त्यामुळे एका आठवड्यात सगळा कळप गेला, तर फटका थेट घरखर्चाला बसतो.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. देशातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाला. फेब्रुवारी २०२१ मध्ये नवापूरलाच पुन्हा फटका बसला. त्याच वर्षी जानेवारीत परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे बचत गटाच्या फार्ममध्ये शेकडो कोंबड्या मेल्या आणि परिसरातील पक्षी नष्ट करावे लागले.

निवारा रात्रीचा, धोका दिवसाचा

शासकीय योजनांमध्ये कोंबड्यांसाठी शेड आहे. राज्यात २०२१ साली रोजगार हमीच्या जोडीने राबवायला घेतलेल्या शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत गाय-म्हशींचा गोठा, शेळ्यांचे शेड आणि नाडेप खताबरोबर कुक्कुटपालन शेडचाही समावेश होता. १०० पक्ष्यांसाठी ३.७५ मीटर लांब आणि २ मीटर रुंद, म्हणजे साडेसात चौरस मीटरचा निवारा आणि त्यासाठी सुमारे ५० हजार रुपये, असा तो आराखडा आहे.

आता हिशेब करू. साडेसात चौरस मीटर म्हणजे साधारण ८० चौरस फूट. १०० पक्ष्यांना वाटले, तर एका पक्ष्याच्या वाट्याला ०.८ चौरस फूट जागा येते. रात्री दांडीवर किंवा जमिनीवर बसून झोपण्यापुरती ही जागा पुरते. मात्र गादी पद्धतीत दिवसरात्र आत ठेवायच्या प्रौढ अंड्यावरील कोंबडीला साधारण दोन चौरस फूट जागा लागते. या मापाने त्या शेडमध्ये ४० कोंबड्याच बसतात. उरलेल्या ६० कोंबड्यांचे काय करायचे, याचे उत्तर आराखड्यात नाही.

उद्रेकाच्या काळात पक्षी एक-दोन दिवस नव्हे, तर कित्येक आठवडे आत ठेवावे लागतात. इतक्या दाटीत कोंडलेल्या मोकळ्या सवयीच्या कोंबड्या एकमेकींना टोचतात, पिसे उपटतात. लिटर ओले होते, अमोनियाचा वास सुटतो, रक्ती हगवण आणि श्वसनाचे आजार वाढतात, अंडी घटतात. मग कंटाळून दार उघडले जाते आणि सूचना कागदावरच राहते. यात पाळणाऱ्याचा निष्काळजीपणा शोधण्यात अर्थ नाही. जागाच नसेल, तर सूचना पाळणार कशी?

जिल्हा पातळीवर ५० टक्के अनुदानावर २५ तलंगा आणि तीन नर असा गट देण्याची योजना अनेक वर्षे सुरू आहे. दुसऱ्या टोकाला, राष्ट्रीय पशुधन अभियानातून ग्रामीण कुक्कुट उद्योजकाला किमान १००० पैदास पक्षी आणि उबवणी केंद्रासाठी २५ लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू शकते. पक्षी मिळतात आणि मोठ्या उद्योजकाला भांडवल मिळते. पण ५० ते १०० पक्षी पाळणाऱ्याच्या दिवसाच्या आवारावर छप्पर घालण्याचा खर्च या दोन्हींच्या मधल्या फटीत राहतो.

नुकसानभरपाईवर किती भिस्त ठेवायची?

बर्ड फ्लूचे निदान झाले, की राष्ट्रीय कृती आराखड्यानुसार त्या ठिकाणापासून एक किलोमीटरचा परिसर बाधित क्षेत्र ठरतो. या परिसरातील कोंबड्या निरोगी दिसत असल्या, तरी शास्त्रोक्त पद्धतीने नष्ट केल्या जातात. एक ते दहा किलोमीटरच्या परिसरात निगराणी ठेवली जाते. निर्जंतुकीकरण आणि तपासणी पूर्ण होईपर्यंत नवे पक्षी आणता येत नाहीत.

नुकसानभरपाई मिळते, पण तिला मर्यादा आहेत.

- भरपाई पथकाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची, अंड्यांची आणि खाद्याची मिळते. पथक येण्यापूर्वी आजाराने मेलेल्या पक्ष्यांची मिळत नाही.
- २०२१ च्या उद्रेकात राज्यात आठ आठवड्यांवरील अंड्यावरील कोंबडीला ९० रुपये, सहा आठवड्यांवरील मांसल पक्ष्याला ७० रुपये आणि लहान पिल्लाला २० रुपये असे दर होते. बाजारात वाढलेल्या गावरान कोंबडीला त्याच्या कित्येक पट भाव मिळतो.
- पुन्हा कळप उभा राहून अंडी सुरू होईपर्यंत जाणाऱ्या महिन्यांचे उत्पन्न भरपाईत धरले जात नाही.

या नियमांतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, आजार लपवणे तोट्याचे आहे. लवकर कळवले, तर निदान उरलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते. दुसरी, एक किलोमीटरचा नियम पाहता एका घराचे उघडे आवार सगळ्या वाडीला भोवू शकते. म्हणून आवारावरचे छप्पर गावाच्या पातळीवर विचार करण्याचा विषय आहे.

जाळी काय अडवते आणि काय अडवत नाही?

बर्ड फ्लूचा विषाणू बाधित पक्ष्यांची विष्ठा, नाकातोंडातील स्राव, दूषित पाणी आणि खाद्य यांमधून पसरतो. ऑक्टोबर ते मार्च या काळात मध्य आशियातून येणारे बदके आणि इतर पाणपक्षी जायकवाडी, उजनी, नांदूर मधमेश्वर, ठाण्याची खाडी अशा पाणथळ जागी उतरतात. बदके स्वतः आजारी न दिसताही विषाणू वाहून नेऊ शकतात. गावात त्यांच्यापेक्षा जास्त संबंध कावळे, बगळे, साळुंक्या आणि कबुतरांशी येतो. कोंबड्यांच्या खाद्याच्या भांड्यावर कावळा बसलेला नाही, असे परस सापडणे कठीण.

या पार्श्वभूमीवर छपराचे तीन प्रकार तपासू.

- फक्त जाळी : घार, ससाणा, कावळा यांना आत येऊ देत नाही. खर्च कमी, हवा भरपूर. मात्र वर बसलेल्या पक्ष्याची विष्ठा सरळ खाली पडते. बर्ड फ्लूच्या दृष्टीने संरक्षण अर्धेच.
- शेडनेट : सावली मिळते. पण विष्ठा पावसाच्या पाण्याबरोबर पाझरते, वाऱ्याने कापड शिडासारखे फुगते आणि काही वर्षांत उन्हाने विरते. मुख्य छप्पर म्हणून योग्य नाही.
- पत्र्याचे किंवा कौलारू भक्कम छप्पर : विष्ठा आणि पाऊस दोन्ही अडवते. खर्च जास्त, उन्हाळ्यात तापते, वाऱ्यासाठी पक्की बांधणी लागते.

इंग्लंडमध्ये ७ नोव्हेंबर २०२२ पासून देशभर पक्षी बंदिस्त ठेवणे सक्तीचे झाले. हा नियम मोठ्या फार्मबरोबर घरामागे चार-दोन कोंबड्या पाळणाऱ्यांनाही लागू होता. तेथील मार्गदर्शनात जाळीचे भोक २५ मिलिमीटरपेक्षा मोठे नसावे आणि वन्य पक्ष्यांची विष्ठा आत पडू नये म्हणून शक्यतो भक्कम छप्पर असावे, असे सांगितले आहे. आपले हवामान, कळप आणि आर्थिक स्थिती वेगळी आहे. सगळे उचलण्याची गरज नाही. पण जाळी आणि छप्पर या दोन गोष्टींचे काम वेगळे आहे, हा त्यातील धडा आपल्यालाही लागू पडतो.

आपल्याकडे परवडणारा मध्यम मार्ग असा : अर्ध्या आवारावर पत्रा, अर्ध्यावर घट्ट ताणलेली जाळी आणि उद्रेकाच्या काळात जाळीवर टाकण्यासाठी मापात कापून ठेवलेली ताडपत्री. खाद्य आणि पाणी बाराही महिने पत्र्याखालीच.

२० बाय १० फुटांचे आवार : प्रत्यक्ष बांधणी

२० फूट लांब आणि १० फूट रुंद म्हणजे २०० चौरस फूट आवार. रोज बाहेर सोडल्या जाणाऱ्या ५० कोंबड्यांना ते ऐसपैस होते. उद्रेकात बंद ठेवायची वेळ आली, तर दोन चौरस फुटांच्या हिशेबाने १०० कोंबड्या सामावतात. रात्रीचे शेड असेल, तर आवार त्याला लागूनच करावे, म्हणजे दोन्ही जागा मिळून वापरता येतात.

*जागा आणि दिशा*

- पाणी न साचणारी, थोडी उंच जागा निवडावी. वर झाडाची फांदी नसावी. फांदीवर पक्षी बसतात आणि वादळात ती छपरावर पडते.
- लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी. दुपारचे तिरपे ऊन आत कमी शिरते.
- छप्पर एकपाखी करावे. उंच बाजू उत्तरेला आठ फूट आणि खालची बाजू दक्षिणेला साधारण सव्वासहा फूट. पावसाळी वारा नैऋत्येकडून येतो, त्यामुळे खालची बाजू त्याच्या तोंडाला राहते आणि पावसाची झड कमी आत येते. सव्वासहा फूट उंचीत माणसाला वाकावे लागत नाही, साफसफाई होते.

*खांब आणि सांगाडा*

- दोन्ही लांब बाजूंना चार-चार असे आठ खांब घ्यावेत. दोन खांबांमधील अंतर सुमारे साडेसहा फूट येते. जीआय पाइप, लोखंडी अँगल किंवा सिमेंटचे खांब चालतात.
- प्रत्येक खांब दोन फूट खोल खड्ड्यात काँक्रीट भरून उभा करावा. म्हणजे उत्तरेकडचे खांब दहा फुटी आणि दक्षिणेकडचे सव्वाआठ फुटी लागतात.
- बांबू वापरायचा असेल, तर जमिनीत जाणाऱ्या भागाला डांबर लावावे. तरीही वाळवी आणि ओलीमुळे तो काही वर्षांत बदलावा लागेल, हे धरूनच हिशेब करावा.
- जुन्या द्राक्षबागेचे अँगल आणि तारा स्वस्तात मिळत असतील, तर त्या या कामाला उत्तम. मंडपाला ताण देण्यासाठी बाहेर दगड पुरून जशी तार ओढतात, तशीच चारही कोपऱ्यांना ओढावी.

*पत्र्याचा भाग*

- १० बाय १० फुटांच्या भागासाठी १२ फुटी रंगीत पत्रे चार लागतात. दोन्ही बाजूंना सुमारे एक-एक फूट पत्रा बाहेर राहतो.
- पत्रा खालच्या लोखंडी पट्ट्यांना रबरी वॉशर असलेल्या स्क्रूने किंवा हुकाच्या बोल्टने आवळावा. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारावा. खोलगट भागात मारला, तर पाणी गळते.
- छपरावरचे पाणी आवारात पडता कामा नये. त्या पाण्यात वन्य पक्ष्यांची विष्ठा असते. पन्हळ लावून किंवा चर काढून ते दूर न्यावे. कोंबड्यांना हे पाणी पिण्यास देऊ नये.

*जाळीचा भाग*

- उतरत्या दिशेने दर दोन फुटांवर बांबू किंवा पाइप टाकावेत. आडव्या दिशेने दर तीन फुटांवर जीआय तार ताणावी. नुसत्या तारांवर टाकलेली जाळी वर्षभरात लोंबते.
- जाळीचे भोक एक इंचापेक्षा मोठे नसावे. चिमण्याही थांबवायच्या असतील, तर अर्धा ते पाऊण इंच घ्यावे. उन्हाला टिकणारी जाड दोऱ्याची जाळी घ्यावी. चारही बाजूंना एक फूट जास्त धरून १२ बाय १२ फूट तुकडा लागतो.
- जाळी कडेच्या तारेला दर सहा इंचांवर बांधावी. जोड असेल तिथे दोन तुकडे सहा इंच एकमेकांवर घेऊन शिवावेत. पत्रा आणि जाळीच्या जोडाजवळची फट सर्वांत जास्त विसरली जाते. तिथे जाळी पत्र्याच्या खाली घेऊन पट्टीने दाबावी.
- बारीक नायलॉन दोऱ्याची सैल जाळी वापरू नये. तिच्यात घुबड, घार, साप अडकून मरतात आणि बहुतेक वन्य पक्ष्यांना कायद्याचे संरक्षण आहे.
- १२ बाय १२ फुटांची ताडपत्री दोऱ्यांसह तयार ठेवावी. खालच्या बांबूंमुळे तिच्यावर पाण्याचे डबके होत नाही.

*बाजू आणि तळ*

वरून कितीही पक्के केले आणि खालून फट राहिली, तर उपयोग नाही. मुंगूस, रानमांजर आणि उंदीर खालून येतात, भटके कुत्रे जाळी फाडून येते.

- घेर ६० फूट आहे. खालच्या दोन फुटांना अर्ध्या इंचाची वेल्डमेश लावावी आणि तीच जाळी आणखी एक फूट बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी पसरून माती-दगडांनी दाबावी. म्हणजे तीन फूट रुंदीची ६० फूट जाळी लागते. उकरणारा प्राणी कुंपणाच्या बुडाशी उकरतो आणि त्याला जाळीच लागते.
- दोन फुटांच्या वर छपरापर्यंत एक इंच भोकाची जाळी पुरते. षटकोनी पातळ कोंबडी जाळी एकटी वापरू नये. कुत्रा ती सहज फाडतो. वापरायचीच असेल, तर बाहेरून चेनलिंकचा आधार द्यावा.
- दाराला खाली उंबरा आणि दोन कड्या असाव्यात. जमल्यास दोन दारांची पद्धत ठेवावी. पहिले दार बंद केल्यावरच दुसरे उघडायचे. चपला बदलायची जागाही मग आपोआप मिळते.

खर्चाचा आकडा गावागणिक बदलतो. म्हणून वरील मापे घेऊन तालुक्याच्या ठिकाणी दोन दुकानांतून लेखी दर घ्यावेत. पैसे कमी असतील, तर क्रम असा ठेवावा : आधी तळाची वेल्डमेश, मग खाद्य-पाण्यावरचा पत्रा, मग वरची जाळी. सांगाडा मात्र सुरुवातीपासून पूर्ण मापाचा आणि पक्का करावा, म्हणजे पुढची कामे टप्प्याटप्प्याने जोडता येतात.

वारा, पाऊस आणि ऊन

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड आणि रत्नागिरीत घरांचे, गोठ्यांचे पत्रे उडाले. त्यानंतरच्या वर्षी तौक्ते वादळ आले. मराठवाडा, विदर्भातही वळवाच्या वादळात पत्रे उडणे नेहमीचेच. पत्रा वरून पडणाऱ्या वजनाने फारसा जात नाही, तो खालून शिरलेल्या वाऱ्याने उचलला जातो. बाजू उघड्या असलेल्या आवारात हा धोका अधिक. म्हणून काँक्रीटमधला खांब, खांबाला जोडलेली पट्टी आणि पट्टीला आवळलेला पत्रा ही साखळी कुठेही तुटता कामा नये. पत्र्यावर दगड, टायर ठेवणे हा उपाय नाही. वादळात तेच दगड खाली पडतात.

- कोकण : उतार जास्त ठेवावा, पत्रा दोन ते अडीच फूट बाहेर काढावा. खाऱ्या हवेत साधी लोखंडी जाळी लवकर गंजते. प्लॅस्टिकचा थर असलेली किंवा जाड प्लॅस्टिकची जाळी निवडावी. पावसाळ्यात जाळीचा भागही ताडपत्रीने झाकावा.
- विदर्भ, मराठवाडा, खानदेश : पत्र्याखाली मे महिन्यात कोंबड्या धापा टाकतात. पत्र्याला वरून चुन्याचा पांढरा हात द्यावा किंवा पाचट, तुराट्यांचा थर दोरीने बांधावा. हा थर पावसाळ्यापूर्वी काढावा. त्यात उंदीर आणि चिमण्या घर करतात, शिवाय आगीचा धोका असतो. पश्चिमेच्या बाजूला गोणपाट लावून दुपारी ओले करावे.
- गारपिटीचा पट्टा : गारा साचून जाळी फाटते. इशारा मिळाल्यास कोंबड्या पत्र्याखाली घ्याव्यात. जाळीवर साचलेला पालापाचोळाही वेळोवेळी झाडावा.

आत कोंडल्यावर काय करायचे?

छप्पर झाले, तरी पक्षी आठवडेच्या आठवडे आत राहिल्यास त्यांना काम द्यावे लागते. तळाला भाताचा तूस किंवा लाकडाचा भुसा दोन-तीन इंच पसरावा आणि रोज हलवावा. पालेभाजी किंवा लसूणघासाची जुडी डोक्याच्या उंचीवर टांगावी. एका कोपऱ्यात राख-माती ठेवावी, कोंबड्या तिच्यात अंग घोळतात. बसायला बांबूच्या दांड्या द्याव्यात. एवढ्याने टोचाटोची बरीच कमी होते. खाद्याचा खर्च मात्र वाढतो, कारण बाहेरचे दाणे, किडे बंद होतात. तो आधीच हिशेबात धरावा.

छप्पर म्हणजे सर्व काही नव्हे

विषाणू वरून येतो, तसाच दारातूनही येतो. दुसऱ्या फार्मवरून आलेले अंड्यांचे ट्रे, व्यापाऱ्याच्या डालग्या, खाद्याची गाडी, आठवडी बाजारातून परत आणलेली कोंबडी आणि आपल्याच चपला ही त्याची नेहमीची वाहने. त्यामुळे खालील गोष्टी छपराबरोबरच पाळाव्यात.

- आवारात जाण्यासाठी वेगळी चप्पल ठेवावी. दाराशी चुना किंवा जंतुनाशकाचे पायपुसणे असावे.
- बाजारातून आणलेला पक्षी किमान दोन आठवडे वेगळा ठेवावा.
- कोंबड्या आणि बदके एकत्र पाळू नयेत. तळ्याचे, ओढ्याचे पाणी देऊ नये.
- मेलेले कावळे, बगळे, कोंबड्या उघड्या हाताने उचलू नयेत, कुत्र्यांपुढे किंवा ओढ्यात टाकू नयेत.
- अचानक मरतूक, तुरा आणि पाय निळसर पडणे, डोके सुजणे, अंडी एकदम घटणे अशी लक्षणे दिसताच पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा १९६२ या क्रमांकावर कळवावे. प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या २००९ च्या कायद्यानुसार अशी माहिती देणे बंधनकारक आहे. आजारी कोंबड्या घाईने कमी भावात विकणे म्हणजे शेजारच्या गावात आजार पोहोचवणे.

विस्तार कार्यकर्त्यांनी काय करावे?

पशुधन पर्यवेक्षक, पशुसखी, ग्रामपंचायत आणि बचत गट यांना या विषयात मोठे काम करता येते. पाऊस संपण्याच्या सुमारास, म्हणजे सप्टेंबर अखेरीस, गावातील कोंबड्या पाळणाऱ्या घरांची यादी करावी. तीन प्रश्न पुरेसे आहेत. दिवसा पक्षी बंद ठेवायला दोन चौरस फुटांच्या हिशेबाने जागा आहे का? खाद्य-पाणी छपराखाली आहे का? ताडपत्री आहे का? स्थलांतरित पक्षी येण्यापूर्वी ही यादी हातात असली, तर उद्रेकाच्या वेळी कोणाला मदत लागेल हे लगेच कळते.

ग्रामपंचायतीच्या वार्षिक आराखड्यात कुक्कुट शेड मागताना त्याला जोडून दिवसाच्या छपराखालच्या आवाराची मागणीही लेखी नोंदवावी. रोजगार हमीच्या नियमांत आणि दरांत बदल होत असतात, म्हणून सध्या कोणत्या बाबी बसतात हे गटविकास अधिकारी कार्यालयात विचारून घ्यावे. बचत गटांनी जाळी, पत्रे एकत्र खरेदी केल्यास दरात आणि वाहतुकीत बचत होते. एखाद्या घरी नमुन्याचे आवार उभे करून ते दाखवले, तर भाषणापेक्षा अधिक उपयोग होतो.

धोरण ठरवणाऱ्यांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तलंगा गट वाटताना त्याबरोबर १० बाय १० फुटांच्या छपराचा खर्च धरला, तर योजना महाग दिसेल. पण छपराशिवाय वाटलेले पक्षी घार, मुंगूस किंवा आजाराने गेले, तर अनुदानाचा तो पैसा वायाच जातो. बर्ड फ्लूचा एक उद्रेक झाला, की पथके, निर्जंतुकीकरण, भरपाई आणि अंड्यांचे पडलेले भाव यांचा खर्च शेवटी सर्वांनाच सोसावा लागतो.

शेतकऱ्यांनी मात्र योजनेची वाट पाहत थांबू नये. या आठवड्यात करता येण्याजोगे काम एवढेच आहे : खाद्याची आणि पाण्याची भांडी उघड्यावरून उचलून पत्र्याखाली न्यावीत, आवार मोजावे आणि कोंबड्या मोजाव्यात. आवाराच्या चौरस फुटांना दोनने भागल्यावर येणारी संख्या आपल्या कोंबड्यांपेक्षा कमी असेल, तर थंडी सुरू होण्याआधी आवार वाढवावे किंवा विकण्याजोगे निरोगी नर विकून कळप जागेच्या मापात आणावा.